आवणीचा साबण

आषाढ अर्धा सरला की आमच्या घरात मिठाला पाणी सुटतं. काडेपेटीतल्या काड्या ओरखडे काढतात पण पेटत नाहीत, पापड कातड्यासारखे लवचीक होतात, दोरीवरचं धोतर चार दिवस तसंच ओलं लोंबतं आणि पाचव्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागतो. लोणावळ्यात जन्म काढलेल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. दाराबाहेर ढग उतरलेला असतो, समोरचं घर दिसत नाही, आणि बायका शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर लहान मुलांचे कपडे वाळवत बसलेल्या असतात.

मला मात्र या दिवसांत भीती वाटते. कोरडी वस्तू उघडी राहिली की ती हवेतलं पाणी गुपचूप पिते, तिचं वजन वाढतं आणि जोर कमी होतो, एवढ्याशा गोष्टीची भीती. यामागचं कारण मला कळतं, दुसऱ्याला समजावून सांगता येतं. तरीही ओल्या गोणपाटाचा वास आला की हातातलं काम टाकून उठतो. पंचेचाळिशी उलटली, एका कचेरीत इमानाने कारकुनी करतो, मुलगी कॉलेजात जाते. आणि दर आषाढात मी रात्री दोनदा उठून डब्यांची झाकणं तपासतो. बायकोला वाटतं, मुंग्यांसाठी.

मागच्या आठवड्यात सुधा, माझी मुलगी, एक मासिक घेऊन आली. "बाबा, यात घरी साबण करायच्या दोन कृती दिल्यात. एक थंड, एक गरम. थंड सोपी दिसतेय. चूल नको, काही नको. आई म्हणते, तुम्ही पूर्वी करायचात. कोणती बरी?"

"गरम," मी म्हणालो.

"का?"

"पावसाळा आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

"तुमच्या हातून कधी बिघडला का हो साबण?"

"नाही," मी म्हणालो.

तो शब्द तोंडातून इतका सहज गेला की माझं मलाच भय वाटलं. म्हणून हे लिहायला घेतलं. आधी खरं काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपायला जागा उरणार नाही. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका आषाढात मी केलेल्या साबणाने शेजारच्या औंढे गावच्या चंद्राबाईंचा पाय भाजला. दोष त्यांच्या जावेवर, हौसाबाईंवर गेला. तो कुणाचा होता हे मला माहीत होतं आणि मी बोललो नाही.

साबण मला धोंडिबा आबांनी शिकवला. त्यांची पडवी बाजाराच्या मागे, ओढ्याच्या अंगाला होती. तीन दगडांवर एक लोखंडी कढई, इतकी मोठी की तीत लहान मूल बसावं. पडवीला करंजेलाचा, म्हणजे करंजाच्या तेलाचा, कडवट वास कायमचा चिकटलेला. तो कपड्यांना लागायचा, केसांना लागायचा, घरी जेवताना घासाला लागायचा. कॉस्टिक सोड्याचं पाणी आबा वेगळ्या लोखंडी बादलीत करायचे आणि ते करताना मला लांब उभं करायचे. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधी ओतायचं नाही. पांढरे खडे पाण्यात पडले की बादली आपोआप तापू लागायची, वाफ निघायची, ती घशात गेली की खोकल्याची उबळ यायची. विस्तवावाचून तापणारं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन पावलं मागे सरकलो होतो.

आबा हसले. "भ्यालास व्हय? मंग शिकशील. ज्यो ह्याला भेत न्हाई त्याच्या हाताला कातडं ऱ्हात न्हाई."

मग तेल तापायचं, त्यात हे पाणी धारेने पडायचं, आणि तीन-चार तासांचा खेळ सुरू व्हायचा. आधी सगळं फाटलेल्या दुधासारखं दिसे. मग लापशी. मग खळीसारखं दाट, फदफद उडणारं. त्या वेळी तोंड वळवून ढवळायचं, कारण एखादा थेंब डोळ्यात गेला तर डोळा गेलाच. शेवटी त्यावर चकाकी यायची आणि ते पिठल्यासारखं कढईची कड सोडायचं. तेव्हा आबा उलथन्याच्या टोकावर चिमूटभर घेऊन फुंकून गार करायचे आणि जिभेच्या शेंड्याला लावायचे. जीभ चुरचुरली तर म्हणायचे, "चावतुय अजून." मग तेलाची आणखी एक वाटी, आणखी थोडं जळण. पुन्हा जिभेला. जीभ गप्प राहिली की म्हणायचे, "झाला मुका. वता आता."

असा शिजवलेला साबण ओबडधोबड दिसतो. वरून खडबडीत, आत बुडबुडे, रंग जुन्या गुळासारखा. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो निर्धास्त हातात घ्यावा. त्याच्यात जे वाईट होतं ते आपल्यासमोर उकळून गेलेलं असतं.

थंड साबण मी पुण्याला एका शिबिरात शिकलो. पंधरा दिवसांचं शिबिर, एक पातळ पुस्तिका, आणि परत येताना डोक्यात भरलेली हवा. या कृतीत चूल लागत नाही. कोमट तेलात कोमट सोड्याचं पाणी घालून लाकडी दांडक्याने ढवळत राहायचं. मिश्रण दाटलं आणि दांडका उचलल्यावर पडणारी धार क्षणभर वर दिसत राहिली की लाकडी साच्यात ओतायचं आणि वर गोणपाट घालून दोन दिवस हात लावायचा नाही. आतल्या आत तो स्वतःच्याच उष्णतेने शिजतो. तिसऱ्या दिवशी तारेने वड्या कापायच्या आणि हवेशीर जागी महिनाभर वाळत ठेवायच्या. त्या महिन्यात त्याचा तिखटपणा जातो. वडी गुळगुळीत निघते, कडा सुरीसारख्या, रंग लोण्यासारखा. माझी पहिली वडी मी आबांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, नाकाला लावली.

"लय देखना हाय रं वसंता. पर ह्याच्या पोटात काय हाय त्ये म्हैनाभर कळत न्हाई."

"माप बरोबर असलं की पोटात काही राहत नाही, आबा. शास्त्र आहे ते."

"आसंल. मापाचा भरवसा तुला. मला जिभंचा."

दोन्ही कृतींतला फरक मी आज सांगायला बसलो तर याहून वेगळा सांगणार नाही. शिजवताना चूक झाली तर ती कढईत दिसते, जिभेला कळते, अजून हातात असते. थंड कृतीत माणसाला एकदाच संधी मिळते, ताजव्यापुढे. त्यानंतर ओतलं की ओतलं. चूक साच्यात जाऊन बसते, वरून गोणपाट पडतं, आणि वडी तर नेहमीसारखीच देखणी निघते.

आबा पावसाळ्यात थंड साबण धरू देत नसत. लोणावळ्याच्या हवेत वडी वाळायची सोडून घाम सोडते. महिन्याचे दोन महिने झाले तरी बोट लावलं की ओलं. ते मला पटत होतं. पण त्या वर्षी आबा नव्हते. जावयाचा हात मोडला म्हणून लेकीच्या शेतीला हातभार लावायला ते नवलाख उंबरे गावी गेले होते, आणि जाताना एकच काम सांगून गेले होते: आवणीचा साबण चुकवू नकोस.

आवणी म्हणजे भाताची लावणी. औंढ्याच्या बायका ते तीन आठवडे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गुडघाभर चिखलात वाकून उभ्या असतात. पहिल्याच दिवसापासून पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊ लागतात. कातडं पांढरं पडतं, सुटतं, खाली लाल मांस दिसतं. त्यावर आबांचा करंजेलाचा साबण हा त्या बायकांचा ठरलेला उपाय. तो त्या धुवायला वापरत नसत. संध्याकाळी पाय कढत पाण्याने धुऊन चुलीपाशी शेकायचे, ओली वडी बेचक्यांतून लोण्यासारखी जाड चोळायची, वर चिंधी बांधायची आणि सकाळपर्यंत ती तशीच ठेवायची. आवणीआधी आबा घरटी एक वडी द्यायचे. भात झोडून झालं की त्या बायका ओच्यातून नवा आंबेमोहोर आणून पडवीत ओतायच्या. किती, कुणाचा, हे कुणी कधी विचारलं नाही. पडवीला वर्षातून तेवढे चार दिवस करंजेलाऐवजी तांदळाचा वास यायचा.

वडी रात्रभर उघड्या मांसावर बांधलेली राहणार आहे, हे मला ठाऊक होतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं जे काही आहे ते सगळं या एका वाक्यापुढे फुकट जातं.

त्या वर्षी झड लागली ती थांबेना. पडवीतलं जळण आतपर्यंत भिजलेलं. दोनदा कढई चढवली, दोनदा धुराने डोळे सुजले, तेल कोमटच्या पुढे गेलं नाही. मग मी ठरवलं, थंड धरू.

सोड्याचा डबा उन्हाळ्यात फोडलेला होता. झाकण ढिलं. खडे एकमेकांना चिकटून वरून पाणी धरलेले. त्यातून माप तोलून मी छोटा घाणा धरला, तो दाटेचना. दोन दिवसांनीही साच्यात दह्यासारखा थरथरत होता. मी बरोबर ओळखलं: सोड्याने पाणी प्यायलंय, वजनात पाचवा हिस्सा पाणीच येतंय. म्हणून पुढच्या घाण्याला एका मापाऐवजी सव्वा माप घेतलं. तो नीट दाटला. मी स्वतःवर खूश झालो.

तिसरा घाणा मोठा होता, आवणीचा. अर्ध्यावर जुना डबा संपला. मी नवा डबा फोडला. टणक, कोरडा, काचेसारखा चमकणारा सोडा. आणि हात ताजव्याकडे गेला तो सव्वा मापाच्याच सवयीने. कोरड्या, पुऱ्या जोराच्या सोड्याचं सव्वा माप. ढवळताना लक्षात आलं नाही. ओतताना आलं नाही. साच्यावर गोणपाट घालून हात धुताना रिकामा डबा आणि भरलेला डबा शेजारी शेजारी दिसले, आणि कुणीतरी मानेवर बर्फाचा हात ठेवावा तसं झालं.

मी तेव्हाच तो घाणा फेकून द्यायला हवा होता. पण सरळ होकार-नकार होता तिथे मी हिशेब मांडत बसलो. अर्धा जुना सोडा होता, म्हणजे फार नसेल. महिन्यात उतरेल. वाळला की जाईल. तिसऱ्या दिवशी वड्या कापल्या. पडवीत कुणी नव्हतं. एक कोपरा मी जिभेला लावला. चुरचुरलं नाही, चटका बसला. शेंड्याला संध्याकाळपर्यंत दाण्याएवढा फोड आला. म्हणजे मला नक्की कळलं होतं. शंका म्हणून काही उरली नव्हती.

चौथ्या दिवशी चंद्राबाई आणि हौसाबाई आल्या. एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्या जावा, एका चुलीच्या. डोक्यावरची इरली त्यांनी दाराशी उभी केली, पदर पिळले.

"आबा न्हाईत?" चंद्राबाईंनी विचारलं.

"लेकीकडे गेलेत."

"गुरू गेला लेकीकडं," हौसाबाई म्हणाल्या, "चेल्यानं काय केलंय का नुसतंच धूर खाल्लाय?"

मी वडी पुढे केली. चंद्राबाईंनी ती तळहातावर घेतली. "अगं बाई, हौसे, बघ की. लोन्यावानी. आबांचा म्हंजी नुसता ढेकूळ आसतुया."

"देखना हाय म्हनून पायाला लावू का गालाला?"

"तुज्या गालाला बिबाच बरा."

दोघी हसल्या. हौसाबाईंच्या कनवटीला बिब्बा असायचा हे साऱ्या गावाला माहीत. कुणाला काटा मोडला, भेग पडली की त्या सुईच्या टोकाने त्याचं तेल लावत. त्या तेलाने कातडं उततं, हेही सगळ्यांना माहीत.

मी म्हणणार होतो, महिनाभर थांबा. तोंडात शब्द तयार होते. पण चंद्राबाई म्हणाल्या, "उद्यापास्नं आमची आवनी. वरल्या खाचराचं पानी आधी आमच्यात येतं ना." आणि पुन्हा वडीकडे बघून म्हणाल्या, "लय बेस केलास, भाऊ." मी गप्प बसलो. कौतुक ऐकत गप्प बसलो. जाताना त्यांनी आणखी पाच घरांच्या वड्या ओच्यात घेतल्या.

पुढचे तीन दिवस मी काय केलं ते मला आठवत नाही. काय ऐकलं ते आठवतं. पत्र्यावरचा पाऊस. ओढ्याचा घोगरा आवाज. आणि दारावरची प्रत्येक थाप. तिसऱ्या दिवशी सकाळी सहन होईना तेव्हा औंढ्याची वाट धरली. मनात ठरवून गेलो होतो, खरं सांगेन आणि वड्या मागून घेईन. पहिल्या घरी गेलो आणि तोंडातून आलं, "हा साबण जरा हलका निघाला, मावशी. आबांचा आणून देतो." मावशींनी न वापरलेली वडी काढून दिली. एवढं सोपं होतं. पाचही घरांच्या आवण्या अजून सुरू व्हायच्या होत्या. पाच वड्या पिशवीत पडल्या आणि मला वाटलं, सुटलो.

चंद्राबाईंचं शेत गावाच्या वरच्या अंगाला. तिथे ओळीत बायका वाकलेल्या होत्या, पण ओळीच्या टोकाला, जिथे त्या नेहमी असायच्या, तिथे दुसरंच कुणी होतं. चंद्राबाईंचा हात सगळ्यांत वेगाचा; त्या पुढे आणि बाकीच्या त्यांच्या मागे, अशी त्या शिवाराची रीत होती.

घरात त्या बाजेवर पडल्या होत्या. अंगात ताप. हौसाबाई पायाशी बसून चिंधी सोडत होत्या आणि ती सुटत नव्हती. उजवा पाय घोट्यापर्यंत सुजलेला. बेचक्यांतलं कातडं राखाडी झालेलं, बुळबुळीत. जो सोडा धडधाकट कातडंही पोखरतो, तो उघड्या मांसावर दोन रात्री बांधून ठेवला होता. पहिल्या रात्री आग झाली तेव्हा त्यांना वाटलं, औषध लागू पडतंय. आणि दुसऱ्या रात्री त्यांनी ते आणखी जाड लावलं.

चौघांनी बाज उचलली. मीही एका खुराला खांदा दिला. लोणावळ्यापर्यंतच्या त्या वाटेत पावसाचं पाणी कानातून मानेत उतरत होतं आणि मी एकच गोष्ट घोकत होतो: पाय वाचू दे, पाय वाचू दे. आज प्रामाणिकपणे बघतो तेव्हा दिसतं की त्या घोकण्याखाली दुसरं एक घोकणं होतं. कुणाला कळू देऊ नको.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, "काय लावलंत याला? बिब्बा?"

"न्हाई वो, सायेब," हौसाबाई म्हणाल्या. "साबन चोळला नि चिंधी बांधली. मीच बांधली. बास, येवढंच."

"साबणाने असं होत नाही."

डॉक्टर चूक बोलले नव्हते. साबणाने तसं होत नाही. साबण न झालेल्या सोड्याने होतं. ते त्यांना सांगायला त्या खोलीत एकच माणूस होता आणि तो दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता.

चंद्राबाईंनी मान वळवली. तापाने त्यांचे डोळे लाल झाले होते. "हौसे, खरं सांग. तू बिबा लावलास."

"आक्का, देवाची आन. न्हाई लावला."

"तुज्या कनवटीला आसतुयाच की. चिंधी तूच बांधलीस. तुला चिखल्या हुत न्हाईत, तुजं पाय धडधाकट, नि माजं जळालं. म्होरं तुला जायचं हुतं व्हय वळीत?"

"आक्का, आसं नगा बोलू. पोराची आन घेते."

"पोराचं नाव घिऊ नगं. मरंल तुजं पोर."

हौसाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी आपली बाजू घेईल म्हणून माणूस बघतो तसं. त्यांची नजर माझ्यावरही आली, क्षणभर थांबली, पुढे गेली. मी तेव्हा खाली पाहिलं. फरशीवर पावसाचं पाणी आणि चिखलाचे पाय उमटलेले होते. ते मी मोजले नाहीत, पण ते कसे पसरले होते हे मला आजही काढून दाखवता येईल.

पाय वाचला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. आवणी संपली तेव्हा चंद्राबाई अजून खाटेवरच होत्या.

आबा श्रावणात परत आले. पडवीतल्या कोपऱ्यात गोणपाटाखाली वड्या होत्या. त्यांनी एक उचलली, पाहिली आणि मी अडवायच्या आत जिभेला लावली. थुंकले. तोंड धुतलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "किती माप?"

मी सगळं सांगितलं. जगात फक्त त्यांना सांगितलं. बोलताना मी रडत होतो आणि आबा विळीवर वड्यांचे तुकडे करत होते. त्यांनी जळण लावलं, कढई चढवली, तुकडे आणि पाणी आत टाकलं, वितळल्यावर वाटी वाटीने तेल सोडत गेले. दुपार सरेपर्यंत तो सगळा घाणा शिजून मुका झाला.

"बघ," आबा म्हणाले, "ह्यो परत शिजला, नीट झाला. पाय परत शिजवता येत न्हाई." मग बऱ्याच वेळाने, "जा. हौशीच्या अंगावरलं काढ. मी सांगनार न्हाई. माज्या तोंडानं कळलं तर तुजं काय ऱ्हाईल?"

"उद्या जातो," मी म्हणालो.

आबांनी परत कधी विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून सोडा ते स्वतः तोलू लागले. मी शेजारी उभा असलो तरी ताजवा माझ्या हातात देत नसत. पुढच्या वर्षी मी साबण सोडला आणि कारकुनी धरली. आबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

औंढ्यात त्या घराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. एका चुलीच्या दोन झाल्या. बाजारात येणाऱ्या बायकांकडून ते मला कळत गेलं. मी विचारत नसे, पण ऐकत असे. भिंतीच्या एका बाजूला लग्न झालं तेव्हा दुसऱ्या बाजूची माणसं दार लावून बसली होती. हौसाबाईंकडे कुणी काटा काढायला जाईना. चंद्राबाई पुन्हा कधी ओळीत उभ्या राहिल्या नाहीत. चिखलात पाय ठरत नसे. बांधावर बसून त्या रोपांच्या मुठी फेकायच्या. पुढे भाजी घेऊन बाजारात बसू लागल्या. एका बाजूला झुकत चालायच्या, आणि मी लांबून ती चाल ओळखून गल्ली बदलायचो. वीस वर्षं. एवढ्याशा गावात वीस वर्षं गल्ल्या बदलत राहणं सोपं नाही. भीती माणसाला ते शिकवते.

कशाची भीती, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. पोलिसांची म्हणावी तर ती दोन वर्षांत विरली. लोक काय म्हणतील याची म्हणावी तर माझ्याबद्दल बोलण्यासारखं कुणाला काही पडलेलं नाही. मला वाटतं, हौसाबाईंच्या त्या एका नजरेची. तिच्यात राग नव्हता, संशय नव्हता. मला काही ठाऊक असेल अशी शंकासुद्धा तिला नव्हती.

सुधाला "नाही" म्हणाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गल्ली बदलली नाही. चंद्राबाई पोत्यावर टाकळ्याची भाजी मांडून बसल्या होत्या. केस पार पांढरे. मी समोर बसलो, जुडी उचलली.

"काय म्हणतंय गाव?" मी विचारलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

"गाव काय म्हनायचंय? आवनी चाललीया."

"आणि हौसाबाई?"

त्यांचा हात थांबला. "हातरुनाला खिळलीया म्हनत्यात. म्हैना झाला."

"भेटलात?"

"मी कशाला भेटू?" त्या म्हणाल्या आणि जुडीवर पाणी शिंपडू लागल्या.

महिना झाला. ते शब्द मी घरी घेऊन आलो. सत्य सांगायला वेळ आहे, उद्या आहे, असं ज्याच्या भरवशावर मी जगत आलो, तो उद्या कुणाच्या तरी अंथरुणावर संपत आला होता.

परवा रविवारी औंढ्याला गेलो. खाचरांतून पाणी वाहत होतं, ओळी वाकलेल्या होत्या, धुकं इतकं की माणसं कमरेपर्यंतच दिसत होती. दोनदा मागे फिरलो. एकदा तर बांधावर बसून राहिलो.

चंद्राबाई दारात बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. डबा, सव्वा माप, जिभेवरचा फोड, दवाखान्याचं दार. शब्द नीट आले नाहीत, मागेपुढे झाले, पण सगळे आले. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"मंग डाक्टरपुढं का न्हाई बोल्लात?"

"भ्यालो."

"कुनाला?"

माझी नजर त्यांच्या पायाकडे गेली.

"मला भ्यालात व्हय? मी तर बाजंवर पडल्याली." त्या स्वतःच्या पायाकडे बघत होत्या, पण पायाबद्दल बोलत नव्हत्या. "हौशीनं पोराची आन घेतली. मी तिला म्हनलं, तुजं पोर मरंल. पोरगं मेलं न्हाई, देवाची किरपा. पर मी म्हनलं. धा मानसांत म्हनलं." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि परत काढला. "बोटं गेली ती गेली, भाऊ. त्याचं मला काय न्हाई. हे मी आता कुटं ठिवू?"

मी हात जोडले. त्या एकदम तुटक बोलल्या, "मला हात जोडू नगा. माजं काय जाळलंत तुमी? तिचं जाळलंत."

आणि त्या उठल्या. भिंतीचा आधार घेत, त्या झुकत्या चालीने अंगणात उतरल्या. पाऊस पडत होता, डोक्यावर काही घेतलं नाही. कुडाच्या भिंतीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेल्या. वीस पावलंसुद्धा नसतील. मी मागे मागे गेलो. दारासमोर त्या थांबल्या, कडीकडे हात नेला, मागे घेतला. मला वाटलं, परत फिरतील. मला वाटलं, फिराव्यात. हे शेवटचं मी कबूल करतो.

"हौसे," त्यांनी हाक मारली. घसा साफ केला, पुन्हा मारली. "हौसे."

आतून खोकल्याचा आवाज आला. मग, "कोन?"

"मी हाय. आक्का."

आत बाज करकरली.

"दार नुसतं लोटल्यालं हाय," आतून आवाज आला.

चंद्राबाईंनी दार ढकललं. आत काळोख होता, औषधाचा आणि ओल्या गोधडीचा वास आला. त्या उंबऱ्याच्या अलीकडेच एका बाजूला झाल्या, माझ्या पाठीला हात लावला, आणि आधी मला आत जायला लावलं.